शेगडी खोलीत ठेवून झोपू नका

थंडीत ऊब हवी म्हणून काही जण रात्री कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दारं-खिडक्या घट्ट लावतात. कृपा करून हे आजच थांबवा. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आमच्या आजीला निफाडला असंच झालं होतं. पहाटे डोकं धरून बसली, उलटी झाली, आम्हाला वाटलं पित्त. दार उघडून तिला ओसरीवर आणलं तेव्हा कुठे तरतरी आली. द्राक्षबागेत थंडीपासून घड वाचवायला शेकोट्या पेटवतात, पण तिथे डोक्यावर आभाळ असतं. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच, झरोका उघडा हवाच.

मग ऊब कुठून आणायची? खालून. शहाबादी फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. आम्ही जाड सतरंजी, तिच्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी आणि मग गादी घालतो. अंगावर दुसरं ब्लँकेट घेण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो, माझा तरी अनुभव पक्का आहे. दुपारी अंथरूण गच्चीवर उन्हात टाकायचं, ऊन उतरायच्या आत खाली आणायचं, खिडक्याही तेव्हाच लावायच्या. म्हाताऱ्यांना कानटोपी आणि पायमोजे घालूनच झोपवा. पहाटेची आंघोळ त्यांनी ऊन येईपर्यंत पुढे ढकलली तरी चालेल.