पीडीएफ लायब्ररीत ‘सेट-मॅट्रिक्स’ असावं का?

रेघोटी
माझ्या मते ‘सेट’ (जुना मॅट्रिक्स पुसून नवा ठेवणं) नसावंच, फक्त ‘अप्लाय’ (जुन्याला नव्याने गुणणं) द्यावं. पीडीएफमध्ये पानाचा मॅट्रिक्स (काढलेलं कुठे, किती मोठं आणि किती फिरवून पडेल ते ठरवणारे सहा आकडे) बदलणारा ऑपरेटर, म्हणजे आज्ञा, एकच: सीएम (cm). तो आधीच्या मॅट्रिक्सला गुणतो, पुसून नवा ठेवत नाही. मागे यायचं तर छोट्या क्यूने (q) स्थिती जपायची आणि मोठ्या क्यूने (Q) परत आणायची. फाइलमध्ये जी सोय नाही ती एपीआयमध्ये (लायब्ररीच्या फंक्शन्समध्ये) दाखवली की वापरणारा हमखास फसतो.

मूळबिंदू
फसायचं काय त्यात? लायब्ररी चालू मॅट्रिक्स लक्षात ठेवते, हवा असलेला मॅट्रिक्स चालू मॅट्रिक्सच्या इन्व्हर्सने (त्याचा परिणाम उलटवणाऱ्या मॅट्रिक्सने) गुणते आणि उत्तर सीएममध्ये लिहिते. चालू आहे २ ० ० २ १०० २०० (दुप्पट करून १००, २०० ने सरकवणारा), हवा आहे १ ० ० १ ५० ५० (नुसता ५०, ५० ने सरकवणारा), तर लिहायचं:

०.५ ० ० ०.५ -२५ -७५ सीएम

उलट नुसत्या अप्लायमध्ये लोक क्रमाला अडखळतात. आधी १००, २०० ने सरकवणारा सीएम आणि मग दुप्पट करणारा, तर (१०, १०) हा बिंदू (१२०, २२०) वर पडतो. त्याच दोन ओळींची अदलाबदल केली की (२२०, ४२०) वर. पानभर लेबलं छापताना प्रत्येकाचा कोपरा थेट सांगता आला तर ही कटकटच उरत नाही.

रेघोटी
इन्व्हर्स निघाला तर ना! आलेखातल्या एखाद्या पट्टीची उंची ० आली आणि तिच्यासाठी स्केल ० लावला, की डिटर्मिनंट ०, म्हणजे इन्व्हर्सच नाही. पुढे कुठलाही सीएम लिहिला तरी तिथून सुटका नाही, मोठा क्यूच लागतो.
आणि जुन्या पानावर शिक्का मारताना? पानाचे सगळे कंटेंट स्ट्रीम (पान काढण्याच्या आज्ञांचे तुकडे) जोडून सलग वाचले जातात. आधीच्या स्ट्रीमने ०.२४ ० ० ०.२४ ० ० सीएम (३०० डीपीआयचे पिक्सेल ७२ च्या मापात आणणारा) मोठ्या क्यूने न मिटवता उघडाच सोडला असेल, तरी लायब्ररीला वाटतं आपण आयडेंटिटीवर (काहीच न बदलणाऱ्या मॅट्रिक्सवर) आहोत. शिक्का जेमतेम पाव आकाराचा होऊन खालच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकतो.

आडवीउभी
हे दुसरं खापर सेटवर नको, अप्लायनेही शिक्का तसाच बिघडेल. जुन्या मजकुराआधी छोटा क्यू, नंतर मोठा क्यू, मग शिक्का. जुन्या मजकुरात क्यूच्या जोड्या आधीच जुळत नसतील तर त्या मोजून भराव्या लागतात, हे बरेच जण विसरतात.
सेटची खरी अडचण फॉर्म एक्सऑब्जेक्टमध्ये (एकदा लिहून हवं तिथे पुन्हा काढायच्या चित्रात) आहे. तोच फॉर्म पाच ठिकाणी पाच आकारांत काढला जातो, लिहिताना बाहेरचा मॅट्रिक्स माहीतच नसतो. मग ‘सेट’ कशाच्या सापेक्ष? पोस्टस्क्रिप्टमध्ये (पीडीएफच्या आधीच्या पान-वर्णनाच्या भाषेत) सेटमॅट्रिक्स होता, पण दुसऱ्या पानात बसवायच्या ईपीएस फाइलला इनिटमॅट्रिक्स (मॅट्रिक्स मूळ स्थितीला नेणारा ऑपरेटर) वापरायला मनाई होती, ती याच कारणाने.

मूळबिंदू
मान्य, तिथे ‘या स्ट्रीमच्या सुरुवातीपासून’ एवढाच अर्थ धरावा आणि डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहावं. पण पीडीएफला सेट परका नाही: मजकुराचा टीएम ऑपरेटर जुना टेक्स्ट मॅट्रिक्स (अक्षरांची जागा आणि आकार ठरवणारा) सरळ बदलून टाकतो.

रेघोटी
बदलतो, पण तोही पानाच्या मॅट्रिक्सच्या आतच. शिवाय बीटी-ईटीच्या (मजकूर सुरू आणि बंद करणाऱ्या आज्ञांच्या) मध्ये किंवा पाथ (आकाराची रेघ) अर्धा असताना सीएम चालत नाही. तिथे तुमचं सेट काय लिहिणार? आणि क्लिप (जिच्या बाहेरचं काढलेलं दिसत नाही ती चौकट) विसरू नका. सेटने अक्ष जागेवर येतील, क्लिप मात्र आधीच्याच चौकटीची राहील, लेबल अर्धं कापलेलं दिसेल. क्लिप फक्त मोठ्या क्यूनेच सुटते.

आडवीउभी
दोन्ही पक्षांना एक: ९० अंश फिरवताना कोसाइन ० ऐवजी ६.१२ई-१७ असा (जवळपास ०) येतो. पीडीएफमध्ये घातांकी आकडे चालत नाहीत. लिहिण्याआधी ० करा.