कॉलेजातले खेळाडू शिकायला येतात की फक्त 'एलिजिबल' राहायला?

अर्धविराम:
अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सबद्दल हल्ली जिकडे तिकडे पैशाचीच चर्चा. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात, आणि जून २०२५ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेवर खेळाडूंनी केलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केल्यापासून कॉलेजंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. ते मिळायलाच हवेत, खेळाडूंच्या जिवावर इतकी वर्षं बाकीच्यांनी कमावलं.

पण अभ्यासाचं काय? माझं म्हणणं असं की एनसीएएचे अभ्यासाचे नियम पोरांना शिकवण्यासाठी नाहीतच, पोरं शनिवारी मैदानावर उतरली पाहिजेत यासाठी आहेत. डिव्हिजन वनचा, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाचा, नियम बघा, दुसरं वर्ष संपताना डिग्रीचा ४० टक्के भाग झाला पाहिजे, तिसरं संपताना ६०, चौथं संपताना ८०. कागदावर छान दिसतं. आता समजा एखाद्या मुलीने पहिली दोन वर्षं बायोलॉजी घेतलं आणि तिला इंजिनिअरिंगला जायचंय, तर जुन्या क्रेडिट्सपैकी बरीचशी नव्या डिग्रीत धरली जात नाहीत, टक्का घसरतो आणि ती खेळायला अपात्र. शिवाय लॅब दुपारी, प्रॅक्टिसही दुपारी. मग सल्लागार तिला हळूच अशा मेजरकडे (मुख्य विषयाकडे) वळवतो जिथे सगळं बसतं, आणि एका टीमची निम्मी पोरं एकाच मेजरमध्ये सापडतात. त्या विषयात काही वाईट नाही हो, पण तो त्यांनी निवडलेला नसतो!

माझ्या मते हंगामात क्रेडिट्सचा बोजा कमी करा, आणि खेळणं कुठल्याही कारणाने थांबलं तरी डिग्री होईपर्यंत फी कॉलेजने भरावी.

शेवटचा_बाक:
असहमत. तुम्ही अजून शिक्षणाची गाठ सोडायला तयार नाही. फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉल हा धंदा आहे, करोडोंचे टीव्ही करार आहेत, मग त्या पोरांना सरळ नोकरीवर घ्या, पगार द्या, आणि क्लासला जायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. सक्ती केली की काय होतं ते नॉर्थ कॅरोलायनात दिसलं ना. १९९३ ते २०११, तब्बल अठरा वर्षं तिथल्या चॅपल हिलच्या विद्यापीठात असे कोर्स चालले ज्यांचा वर्गच भरत नव्हता, शेवटी एक पेपर द्यायचा आणि तो ऑफिसातली कर्मचारी तपासून भरपूर मार्क द्यायची. ३,१०० च्या आसपास विद्यार्थी त्यातून गेले, जवळपास निम्म्या नोंदी खेळाडूंच्या. आणि २०१७ मध्ये एनसीएएने शिक्षा काय केली? काही नाही, कारण ते कोर्स सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते म्हणे. अट आहे तोवर पळवाट निघणारच, मग अट ठेवताच कशाला.

नीलाक्षी_म:
@शेवटचा_बाक, पगार द्या, जरूर द्या. पण पुढे प्रो होतात किती? एनसीएए स्वतःच सांगते की २ टक्क्यांपेक्षा कमी. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांना तुम्ही बाविसाव्या वर्षी दुखरा गुडघा आणि अर्धवट शिक्षण देऊन घरी पाठवणार का? डेक्स्टर मॅन्लीचं उदाहरण आठवा. ओक्लाहोमा स्टेटला खेळला, एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये नाव कमावलं, आणि १९८९ मध्ये सेनेटच्या समितीपुढे रडत सांगितलं की मला वाचता येत नव्हतं. शाळेने पुढे ढकललं, कॉलेजने पुढे ढकललं. 'त्यांचं त्यांना ठरवू द्या' म्हणजे असंच होणार.

आणि नियमांना दात नाहीत हेही खरं नाही. एपीआर म्हणून टीमचा अभ्यासाचा स्कोअर असतो, ९३० च्या खाली गेलात तर हंगामानंतरच्या स्पर्धांवर बंदी येऊ शकते. कनेक्टिकटच्या पुरुष बास्केटबॉल टीमला २०१३ मध्ये याच कारणाने बाहेर बसवलं होतं, आणि पुढच्याच वर्षी ती टीम चॅम्पियन झाली. म्हणजे अभ्यास सांभाळून जिंकता येतं.

पॅसिफिक_काठ:
नीलाक्षीताई, नियम कडक करताना मार कोणाला बसतो तेही बघायला हवं. जानेवारी १९८९ मध्ये एनसीएएचा प्रपोझिशन ४२ हा नियम मंजूर झाला, पात्रतेचे निकष न गाठणाऱ्या पोरांची पहिल्या वर्षाची स्कॉलरशिपच बंद. जॉर्जटाऊनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्प्सन निषेध म्हणून मॅच सुरू होण्याआधी कोर्टवरून निघून गेले, कारण फटका गरीब आणि कृष्णवर्णीय पोरांना बसणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. एसएटीसारख्या प्रवेशपरीक्षेच्या मार्कांची अट जायला २०२३ उजाडलं. ज्या शाळेत धड गणिताचा शिक्षक नाही तिथल्या पोराकडून तुम्ही सोळा कोर कोर्सेस (मुख्य विषय) आणि २.३ जीपीए (सरासरी गुण) मागता, आणि तो मागे पडला की दोष त्याचा.

वल्हेकरी:
सगळे फुटबॉल बास्केटबॉलवरच. बहुसंख्य खेळाडू पोहतात, धावतात, वल्ही मारतात, त्यांना ना टीव्ही ना मोठे पैसे. मी स्वतः सगळ्यात खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये रोइंग केलंय, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, त्यामुळे लॅब आणि रेस एका दिवशी आल्या तर मी लॅबला जायचो आणि कोच हूं की चूं करायचा नाही.

वर डिव्हिजन वनमध्ये मात्र वेळेचा हिशेबच खोटा आहे. आठवड्याला २० तासांची मर्यादा, पण मॅचचा अख्खा दिवस तीन तास धरायचा, प्रवास मोजायचा नाही, फिजिओकडचे तास मोजायचे नाहीत, 'ऐच्छिक' व्यायाम मोजायचा नाही, तो किती ऐच्छिक असतो ते कोणालाही विचारा. त्यात २०२४ पासून यूसीएलए आणि वॉशिंग्टन ही पश्चिम किनाऱ्यावरची कॉलेजं बिग टेन या देशभर पसरलेल्या लीगमध्ये, म्हणजे व्हॉलीबॉलच्या मुली लॉस एंजलिसहून न्यू जर्सीला मॅचला जाणार. हे ठरवताना कोणी त्यांचं टाईमटेबल बघितलं असेल असं मला वाटत नाही. फुटबॉलच्या करारासाठी बाकीच्यांचा अभ्यास मोडला.

अर्धविराम:
वल्हेकरी, अगदी हेच. @शेवटचा_बाक, चॅपल हिलचा अर्थ मी उलटा लावतो, तिथे पोरांना शिक्षण नाकारलं गेलं आणि तुम्ही तेच अधिकृत करा म्हणताय. मायरन रोल फ्लोरिडा स्टेटला फुटबॉल खेळत होता, ऑक्सफर्डला शिकायची ऱ्होड्स स्कॉलरशिप मिळाली म्हणून एनएफएल एक वर्ष पुढे ढकललं, आज न्यूरोसर्जन आहे. सगळे तसे होणार नाहीत, पण निवडायला वाव तर हवा.

शेवटचा_बाक:
रोल एक. बाकी शंभरांचं बोला. आणि तुम्ही मागताय ते बरंचसं आधीच आलंय, ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनमध्ये पूर्ण स्कॉलरशिपवाल्या माजी खेळाडूंना दहा वर्षांपर्यंत डिग्री पूर्ण करायला पैसे द्यायचा नियम आहे. मग आज खेळताना सक्ती कशाला? आज खेळू द्या, कमवू द्या, नंतर शिकू द्या.

नीलाक्षी_म:
पूर्ण स्कॉलरशिपवाले म्हणजे किती जण? वल्हेकरींच्या पोहणाऱ्या-धावणाऱ्यांपैकी बहुतेकांना अर्धी किंवा पाव मिळते, ते त्यात बसत नाहीत. आणि तिशीत नोकरी, पोरंबाळं सांभाळून परत पहिल्या बाकावर बसायला फी पुरत नाही, घरभाडं पण लागतं. ते कोण देणार ते सांगा, मग मी सक्ती सोडते.