मोठा क्लब, मोठा क्लब म्हणजे नेमकं काय हो?

फोंडेकार
काल पुण्यात स्थायिक झालेल्या आपल्याच एका गोंयकाराने लिहिलेलं वाचलं आणि रात्रभर डोकं फिरलं म्हणून हे. त्याचं म्हणणं असं : गोव्यात फुटबॉलचा मोठा क्लब कधी झालाच नाही, ट्रॉफ्या होत्या पण माणसं नव्हती, रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र आपल्या एफसी गोवाशी खेळायला आला तेव्हा मडगांवचं फातोर्डा स्टेडियम भरलं ते रोनाल्डोच्या नावावर, आणि तो तर आलाच नाही. शेवटचं वाक्य तर कहर, ‘गोंयकाराला फुटबॉल आवडतो, क्लब आवडत नाही.’

अरे बाबा, २००४-०५ ते २०१२-१३ हे नऊ सीझन घे. देशाची लीग नऊपैकी आठ वेळा गोव्यात आली. पाच वेळा डेंपो, दोनदा चर्चिल, एकदा साळगावकर. उरलेली एक महिंद्र युनायटेडने मुंबईला नेली आणि तो क्लब २०१० मध्ये बंदच झाला, तेव्हा मुंबई-पुण्याकडून मोठेपणाचे धडे नकोत. डेंपो २००८ ला आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या सेमीपर्यंत गेला होता. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, बेंचवर कोच आर्मांदो कुलासो. हा क्लब लहान?

आणि त्या अल नस्रच्या मॅचला मी होतो. रोनाल्डो येणार नाही हे आदल्या दिवशीच कळलं होतं तरी लोक आले. ०-२ ने मागे असताना ब्रायसनने गोल मारला तेव्हा जो आवाज झाला तो रोनाल्डोसाठी नव्हता. माझ्या बाजूला एक बाप खांद्यावर पोर घेऊन रडत होता. २-१ ने हरलो. हरलेल्या मॅचला कोण रडतं, सांगा.

लाल सैतान पर्वरी
रडणं ठीक आहे हो पण मोठा क्लब म्हणजे मोठा क्लब. मँचेस्टर युनायटेड बघा, वीस लीग टायटल, जगात कुठेही जा टीशर्ट दिसतो. मी १९९९ पासून युनायटेडचा, बार्सिलोनाच्या कँप नोऊवरची ती युरोपची फायनल घरच्यांना झोप लागल्यावर आवाज बंद करून बघितली, शेवटी शेरिंगहॅम, सोल्शारचे गोल, आणि उशी तोंडात कोंबून ओरडलो. आज इतकी वर्षं टीम रडवतेय तरी सोडली नाही. फॅन म्हणजे हा. तुमच्या डेंपोचं जुनं जर्सी कोणाच्या कपाटात आहे का एक तरी?

सासष्टकार
माझ्या आहे. पुढे बोल.

आणि १९९९ काढलंसच तर ऐक. ज्या आठवड्यात तुझा युनायटेड बार्सिलोनात कप उचलत होता त्याच आठवड्यात तुझ्या युनायटेडच्याच गावचा मँचेस्टर सिटी वेंबलीला गिलिंगहॅमविरुद्ध तिसऱ्या पायरीवरच्या डिव्हिजनमधून वर यायची प्लेऑफ खेळत होता. इंज्युरी टाइमला डिकॉवने २-२ केले, मग पेनल्टीवर सुटले. त्या सीझनला तिसऱ्या पायरीवर सुद्धा घरच्या मॅचला २८ हजारांच्या आसपास माणूस येत होता. तेव्हा ना शेख होते ना ट्रॉफ्या. माझ्या मते सिटी मोठा होता तो तेव्हा, आता नुसता श्रीमंत आहे. तू पर्वरीत बसून उशी चावलीस म्हणून क्लब मोठा होत नाही.

लाल सैतान पर्वरी
म्हणजे माणसं येतात तो क्लब मोठा. बरोबर? मग पुणेकर तेच तर म्हणाला! डेंपोला माणसं नव्हती. स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारलास की रे पात्रांव.

फोंडेकार
डेंपोला माणसं नव्हती कारण मॅच आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी. ऊन माथ्यावर, लोक कामावर. कोण येणार, पाव विकणारा पोदेर? तो पण झोपतो त्या वेळी.

साखळीकरीण
दुपारची मॅच बरी होती हो निदान परत तरी येता यायचं! आता टीव्हीसाठी साडेसातला ठेवतात, संपते साडेनऊला, मग मडगांवहून साखळीला कशाने यायचं? रात्री त्या वेळी स्टँडवर कुत्रीसुद्धा नसतात. २०१५ च्या इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या फायनलला मी आणि माझा भाऊ गेलो होतो, एफसी गोवा चेन्नईयिनविरुद्ध, आठवतंय ना सगळ्यांना. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्रीकिक, २-१, आम्ही अनोळखी माणसांच्या गळ्यात पडलो. ९० ला आपल्याच गोलीचा सेल्फ गोल, मग त्यांचा मेंडोझा, २-३. पाच मिनिटांत बारसं आणि बारावं. बाहेर आलो तर बस नाही. एका टेंपोवाल्याने फोंड्यापर्यंत सोडलं, मागे नारळाची पोती. तिथून पुढे मामेभावाला झोपेतून उठवून बोलावला. घरी पोचलो दोनला. आईने विचारलं जिंकले? आम्ही दोघं काही न बोलता झोपलो.

मोठा क्लब छोटा क्लब मला कळत नाही, साडेनऊनंतर उत्तरेकडे एक बस सोडा मग बघा किती माणसं येतात ते.

कोलवाळचा बॅक
ताई शंभर टक्के. मी तर म्हणतो खरा प्रश्न हाच आहे बाकी सगळं बडबड. पायलटवाल्याने, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याने, मला मडगांवहून म्हापशाला जो रेट सांगितला त्यात मी त्याची मोटरसायकलच हप्त्याने घेतली असती.

सासष्टकार
सगळ्यांना फातोर्डा घरात पाहिजे. आमच्याकडे माणसं चालत यायची, नावेली, बाणावलीहून सायकलवर. ज्याला यायचं तो येतो. खरं सांगू, तुमच्या फोंडा डिचोलीत फुटबॉल कधी रुजलाच नाही, तुमचं क्रिकेट आणि जत्रेतलं नाटक. नाटक पहाटेपर्यंत बघता तेव्हा बस नाही आठवत?

साखळीकरीण
नाटक आमच्या देवळासमोर असतं हो, चालत घरी जातो आम्ही. नाटकाला मडगांवला बोलावून बघा, तुम्ही तरी थांबाल का पहाटेपर्यंत?

फोंडेकार
हे ‘तुमचा खेळ आमचा खेळ’ बंद करा. ब्रह्मानंद शंखवाळकर कुठला? ताळगावचा. तुमच्या मडगांवकडचा, सासष्टीचा नव्हे. १९८४ ची राज्याराज्यांमधली संतोष ट्रॉफी एकही गोल न खाता आणली तेव्हा गोलमध्ये तो उभा होता, देशाचा कॅप्टन झाला, पद्मश्री मिळाली २०२२ ला. माझ्या वडिलांच्या दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी पेपरातला त्याचा फोटो कापून लावलेला होता, अगरबत्ती दोघांना. आमच्याकडे रुजला नाही म्हणे!

सासष्टकार
बरं बरं, एक गोलकीपर तुमच्या बाजूचा. उरलेले दहा मोजा आता, आणि मोजून झाले की सांगा.

कोलवाळचा बॅक
शिवोली विसरलास. १८८३ ला फादर विल्यम लायन्सने गोव्यात फुटबॉल आणला तो तिथे, बार्देशात, सासष्टीत नव्हे. तुम्हाला आमच्याकडून पार्सल आलं.

सासष्टकार
पार्सल आलं ते आम्ही उघडलं. तुम्ही अजून बसची वाट बघताय.

मास्तर
मुलांनो, भांडा, पण मूळ प्रश्न सोडू नका. मी थोडा वयाने मोठा आहे म्हणून सांगतो. मी लहान असताना आमच्या वाड्यावर एकच रेडिओ होता. १९६१ साली पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या बेन्फिकाने बार्सिलोनाला ३-२ हरवून युरोपचा कप घेतला तेव्हा वाड्यावर फटाके वाजले होते. डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, आम्ही तिरंगा घेऊन नाचलो. पुढच्या मे महिन्यात बेन्फिकाने रियाल माद्रिदला ५-३ केलं, युझेबियोचे दोन गोल. तेव्हा फटाके नाही वाजले, लोकांना वाटायचं कोण काय म्हणेल. पण शेजारचे एक काका संध्याकाळी हळूच आले आणि माझ्या वडिलांच्या कानात म्हणाले, ‘पांच’. एवढंच. आणि हसत निघून गेले. ते काका स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाऊन आलेले होते.

आता सांगा तो क्लब त्यांचा होता की नव्हता? लिस्बन त्यांनी कधी पाहिलं नाही. तेव्हा पर्वरीच्या मुलाला उशीवरून चिडवू नका.

लाल सैतान पर्वरी
मास्तर, पाया पडतो. हे वाचून घ्या रे सगळ्यांनी.

सासष्टकार
मास्तरांची गोष्ट भारी आहे पण त्यात डेंपो कुठे आला? उलट तेच दुखणं. आपण बाहेरच्या क्लबसाठी फटाके लावतो. १९९७ चा फेडरेशन कप घ्या. सगळ्या देशाला काय आठवतं? सेमी. ईस्ट बंगाल-मोहन बागान, कोलकात्याच्या सॉल्ट लेकला १ लाख ३१ हजार माणूस, भूतियाची हॅटट्रिक, ४-१. आता विचारा तो कप जिंकला कोणी. साळगावकरने! त्याच ईस्ट बंगालला फायनलमध्ये २-१ हरवून. चौकात उभा राहून दहा जणांना विचारा, एकाला आठवणार नाही. कोलकात्याच्या माणसाला नाही, ठीक. साळगावकरच्याच गावच्या, वास्कोच्या माणसालासुद्धा नाही! सेमी हरणारा बागान मोठा आणि कप उचलणारा साळगावकर छोटा. का? कोणी सांगेल का मला?

पुण्यातला गोंयकार
मी सांगतो. ज्याच्यावर तुम्ही काल रात्रीपासून तोंडसुख घेताय तोच मी. नमस्कार.

कारण साळगावकर, डेंपो हे क्लब नव्हते, कंपनीच्या टीम होत्या. चांगल्या टीम, पगार वेळेवर, प्लेअरला नोकरी, मैदान, सगळं उत्तम. पण मालक घराण्याचं नाव छातीवर. मग माणसाने ‘आमचा’ म्हणायचं कसं? २०१६ ला भारतीय फुटबॉल महासंघाने आयएसएलला वर काढायचं ठरवलं आणि साळगावकर, स्पोर्टिंग, मग डेंपो, तिघेही तोवरच्या मुख्य लीगमधून, आय-लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा देश जिंकलेला क्लब गेला. फोंड्यात मोर्चा निघाला? मडगांवात दुकानं बंद झाली? काहीच नाही. संध्याकाळी लोकांनी चहा घेतला आणि लिव्हरपूल बघितलं.

कोलकात्यात २०२० ला मोहन बागानच्या नावापुढे मालकाच्या दुसऱ्या क्लबची नुसती तीन अक्षरं लागली, एटीके, तर तीन वर्षं लोकांनी मालकाला सुखाने जेवू दिलं नाही, शेवटी २०२३ ला काढावीच लागली. मोठा क्लब म्हणजे हा. मालकाला ज्याची भीती वाटते तो. आमच्या मालकांना आमची कधी भीती वाटली का?

कोलवाळचा बॅक
मायनिंग बंद झालं २०१२ ला म्हणून या मालकांचा पैसा आटला, त्यात फॅनचा काय दोष. प्रत्येक गोष्टीला फॅन जबाबदार!

पुण्यातला गोंयकार
डेंपोने खाणी २००९ लाच सेसा गोवा कंपनीला विकल्या होत्या, त्यानंतर सुद्धा दोनदा लीग जिंकली. मायनिंग मायनिंग करून चालणार नाही. आणि गंमत बघा, २०१४ ला एफसी गोवा उभा राहिला तेव्हा त्यात पैसा घालणाऱ्यांमध्ये श्रीनिवास डेंपो आणि दत्तराज साळगावकर दोघंही होते. लोक जर्सी घालून धावले. का? नावात घराणं नव्हतं, गोवा होतं.

सासष्टकार
चर्चिल पण घराण्याचंच नाव आहे. त्याच्यासाठी आम्ही भांडलोय, डोकी फोडायची बाकी होती.

पुण्यातला गोंयकार
ते डेंपोविरुद्ध मॅच असेल तेव्हा. शिलाँगची टीम आली की किती जायचात? छातीवर हात ठेवून सांग.

सासष्टकार
…कमी.

पण तू पुण्यात बसून हे बोलतोस ना, ते डोक्यात जातं. इथे ये, उन्हात बस, मग बोल.

पुण्यातला गोंयकार
बसलोय रे उन्हात. २०१२ पर्यंत बसलोय, म्हणूनच बोलतोय. ज्या दिवशी डेंपोने पाचवं टायटल घेतलं त्या आठवड्यात मी ऑफिसात पेढे घेऊन गेलो. पेढे सगळ्यांनी खाल्ले. एकाने विचारलं, प्रमोशन झालं का? दुसरा म्हणाला, मुलगी बघितली वाटतं. पणजीत, पणजीत रे! त्या दिवशी मला कळलं. त्यानंतर नोकरी निघाली पुण्याला आणि मी आलो. तेव्हा प्रेम नाही असं नाही. पेढ्याचा राग आहे.

फोंडेकार
आता हे आधी लिहिलं असतंस तर मी एवढा मोठा धागा काढला नसता.

ठीक आहे. मोर्चा निघाला नाही हे खरं. मीसुद्धा गेलो नसतो कदाचित, २०१६ ला माझं दुकानाचं काम चालू होतं. एवढं मानतो. पण ‘गोंयकाराला क्लब आवडत नाही’ हे मानत नाही. गावागावच्या टूर्नामेंटला शेतात जी गर्दी होते ती बघ. दोन वाड्यांच्या फायनलला लायनमनला रात्री घरी पोचवायला चार माणसं लागतात. क्लब आवडतो आपल्याला, फक्त तो वाड्याएवढा असावा लागतो, ज्याच्या लेफ्ट बॅकच्या आजीला आपण ओळखतो. कोलकात्याला दोनच वाडे आहेत म्हणून लाख माणूस जमतो, आपल्याकडे वाडेच दोनशे.

पुण्यातला गोंयकार
हे मात्र चुकीचं नाही. पण मग मोठा क्लब झाला नाही हे माझंच वाक्य तू लांबून सांगितलंस.

लाल सैतान पर्वरी
मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

सासष्टकार
तू उशीबद्दल बोलत होतास.

साखळीकरीण
सगळं झालं. बसचं काय?

कोलवाळचा बॅक
हो ना, बसचं राहिलंच. कदंबा महामंडळाने फक्त मॅचच्या दिवशी दोन गाड्या सोडाव्या, एक फोंडा-डिचोली-साखळी, एक पणजी-म्हापसा. अर्ज करूया का? शंभर सह्या जमतील.

मास्तर
अर्ज मी लिहून देतो. मराठीत लिहू की कोंकणीत एवढं आधी ठरवा.

सासष्टकार
मास्तर, हात जोडतो, तो विषय इथे काढू नका. बसपेक्षा लांब जाईल.

फोंडेकार
अर्ज होईल तेव्हा होईल. पुढच्या घरच्या मॅचला मी गाडी घेऊन जातोय, फोंड्याहून पाचला निघणार. मागे तीन सीट आहेत. साखळीकरीणताई, तुम्ही आणि भाऊ फोंड्यापर्यंत या, परत घरापर्यंत सोडतो. तिसरी सीट पर्वरीवाल्याला, पण युनायटेडचं टीशर्ट घालून आलास तर बोरीच्या पुलावर उतरवीन.

साखळीकरीण
येतो आम्ही. नारळाची पोती नसतील ना?

पुण्यातला गोंयकार
मी त्या आठवड्यात घरी येणार आहे. डिकीत जागा आहे का?

फोंडेकार
आहे. पेढे घेऊन ये.