मदत हवी आहे: होल्सच्या हॉल व्होल्टेजचं चिन्ह उलट का?

फोंड्यात बारावीला फिजिक्स शिकवतो. पी-टाइप जर्मेनियमवर (ज्यात प्रवाह मुख्यतः होल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, वाहून नेतात) हॉल इफेक्ट दाखवला: प्रवाह वाहणाऱ्या पट्टीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं की तिच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज मिळतं. त्याचं चिन्ह एन-टाइपच्या (ज्यात प्रवाह मुख्यतः इलेक्ट्रॉन नेतात) उलट आलं. जोडण्या आणि चुंबकाची दिशा पुन्हा तपासली, त्यात चूक नाही.

समजावताना रिकाम्या खुर्चीचं उदाहरण दिलं: इलेक्ट्रॉन एकीकडे सरकतात, रिकामी जागा दुसरीकडे. एका मुलीने नेमकं विचारलं, सरकतात ते इलेक्ट्रॉनच, तर चुंबकीय बल त्यांना दोन्हींत एकाच कडेला ढकलेल ना? मग चिन्ह बदलतं कसं? फार चांगला प्रश्न आहे, टाळायचा नाही. शिवाय तांबं ऋण चिन्ह देतं आणि जस्त धन, दोन्ही धातू असून!

ऋण प्रभावी वस्तुमान (स्फटिकात काही इलेक्ट्रॉन बलाला उलटा प्रतिसाद देतात, जणू त्यांचं वस्तुमान ऋण आहे) हे उत्तर माहीत आहे, पण बँडचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांचं, गणित वर्गात मांडता येणार नाही. गणिताशिवाय, तरी पुढे खोटं न ठरणारं स्पष्टीकरण कसं द्यावं?