मदत हवी आहे: एक्सेलमध्ये खालची बेरजेची ओळ सतत दिसत कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी,

मोठी शीट आहे, दीडेक हजार ओळी. तिसऱ्या ओळीत शीर्षकं, ए आणि बी कॉलममध्ये क्रमांक आणि नाव. सी४ या सेलवर क्लिक करून व्ह्यूमधलं फ्रीझ पेन्स लावलं, त्यामुळे वरच्या तीन ओळी आणि डावीकडचे दोन कॉलम जागचे हलत नाहीत. इथपर्यंत झकास.

अडचण बेरजेची आहे. ती अगदी तळाला आहे आणि मधला आकडा बदलला की एकूण किती झालं ते लगेच दिसायला हवं. पण फ्रीझ फक्त वरचा आणि डावा भाग धरून ठेवतं, खालचा नाही. स्प्लिट करून, म्हणजे खिडकीचे दोन भाग करून पाहिलं, तर खालचा भाग माऊस लागला की सरकतो, आणि फ्रीझ व स्प्लिट एकाच खिडकीत एकत्र चालत नाहीत.

बेरीजच दुसऱ्या ओळीत, शीर्षकांच्या वर आणावी का? सबटोटल हे फंक्शन वापरलं तर फिल्टर लावल्यावर फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज मिळेल, हा फायदाच. पण चौथ्या ओळीच्या वर नवी ओळ घातली की सूत्रातली रेंज सी५ पासून सुरू होते आणि नवा आकडा बेरजेतून सुटतो. पूर्ण कॉलम द्यावा, तर सूत्र स्वतःलाच मोजायला जातं.

कंट्रोल टी करून टेबल केलं तर हे सुटेल का? की न्यू विंडो उघडून दुसऱ्या खिडकीत तळ दाखवणं बरं? रोज हे वापरणाऱ्यांनी कृपया सांगा. शीट इतरांनाही भरायची असते, म्हणून मॅक्रो (शीटमध्ये लिहिलेला प्रोग्राम) नको.