सॅफ करंडकाला मुख्य संघ पाठवायचा की नाही?

मधलीफळी
१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात फुटबॉलमध्ये बांगलादेशने आपल्याला १-० हरवलं. मोरसालिनने सुरुवातीलाच गोल केला आणि उरलेला सगळा वेळ आपण बरोबरी शोधत राहिलो. २००३ नंतर पहिल्यांदा ते आपल्याला हरवतायत. तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते एकदा लिहून टाकतो: दक्षिण आशियाई स्पर्धेला, म्हणजे सॅफला, यापुढे २३ वर्षांखालचा संघ पाठवावा. मुख्य संघाने तिकडे फिरकूही नये.

१९९३ ला लाहोरमध्ये ही स्पर्धा सुरू झाली. आतापर्यंत १४ वेळा झाली, त्यात ९ विजेतेपदं आपली. २००३ सोडलं तर दरवेळी आपण पहिले नाहीतर दुसरे. ऐकायला झकास. पण या नऊ करंडकांनी आपल्याला काय शिकवलं? २०२३ ला बंगळुरूत पाहुण्या कुवेतला पेनल्टीवर हरवलं तेव्हा भारतीय फुटबॉल जागा झाला म्हणून आपण सगळेच नाचलो, मीही नाचलो. सहा महिन्यांनी कतारमध्ये आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तीन सामने, तीन पराभव आणि गोल शून्य.

सगळ्यात मोठं नुकसान आघाडीच्या फळीचं झालं. त्या बंगळुरूच्या स्पर्धेत आपले ८ गोल झाले, त्यातले ५ एकट्या सुनील छेत्रीचे, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. सॅफमध्ये तो गोल करत राहिला, म्हणून त्याच्यानंतर कोण हे विचारायची वेळच कुणावर आली नाही. २०२४ ला त्याने निवृत्ती घेतली आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्यालाच परत बोलवावं लागलं.

काठावरून
म्हणजे शेजाऱ्याकडून मार खाऊन आलो आणि उपाय काय, तर शेजाऱ्याशी खेळायचंच नाही! धन्य आहे.

हा प्रयोग करून झालाय, साहेब. २०१८ ला तेव्हाचा प्रशिक्षक कॉन्स्टंटाइनने ढाक्याला मुख्यतः २३ वर्षांखालचीच पोरं नेली होती. गटात मालदीवला २-० हरवलं. मालदीव आणि श्रीलंका गुण, गोल, सगळ्यात सारखे, म्हणून उपांत्य फेरीत कोण जाणार ते नाणं उडवून ठरलं. गटात एकही गोल न केलेला मालदीव नाणेफेकीवर पुढे गेला, नेपाळला ३-० उडवलं आणि अंतिम सामन्यात आपल्याला २-१. ज्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, त्याच्याकडे करंडक गेला. तेव्हा तुमच्यासारखेच लोक म्हणत होते की जाऊ दे, पोरांना अनुभव मिळाला.

मधलीफळी
मग २००९ का विसरता? तेव्हाही तरुण संघच होता, तेही ढाक्यातच, आणि मालदीवलाच पेनल्टीवर हरवून जिंकलो. एकदा जिंकलो, एकदा अंतिम फेरीत हरलो. मुख्य संघाचा हिशेब याहून फार वेगळा आहे का? २००८ ला मालदीवनेच हरवलं, २०१३ ला काठमांडूत अफगाणिस्तानने २-०.

आकडेमोड
भावना बाजूला ठेवून क्रमवारीचं गणित बघा. फिफाच्या सूत्रात प्रत्येक सामन्याला वजन असतं. पात्रता फेरीचा सामना २५. सॅफचा सामना मैत्रीपूर्ण सामन्यातच धरतात, म्हणजे फिफाने राखून ठेवलेल्या तारखांत खेळला तर १० आणि त्याबाहेर ५. बरं, प्रतिस्पर्धी दुबळा असेल तर जिंकून चिमूटभर मिळतं आणि बरोबरी झाली तरी खिशातून जातं. भूतानला चार गोलांनी हरवा नाहीतर एका, गुण तेवढेच, कारण सूत्रात गोलफरक नसतोच.

शिवाय राखीव तारखांबाहेर क्लबांवर खेळाडू सोडायची सक्ती नाही. त्यामुळे 'मुख्य संघ पाठवावा की नाही' यातला अर्धा निर्णय मुळात क्लबांच्या हातात आहे. माझं मत मधलीफळींच्या बाजूने, पण त्यांनी दिलेलं कारण मला पटलेलं नाही. छेत्रीनंतर कोणी तयार झालं नाही याचं खापर सॅफवर कशाला? लीगमध्ये बहुतेक क्लब आघाडीला परदेशी खेळाडू लावतात, आपली पोरं कडेला पळतात. गोल करायची सवय लागणार कुठून?

पावसातला
मी २०२३ ला बंगळुरूत नोकरीला होतो. कंठीरवा स्टेडियमवर सॅफमधला पाकिस्तानचा सामना भर पावसात पाहिला. ४-० झालं, छेत्रीची हॅटट्रिक, आपला प्रशिक्षक स्टिमॅचला लाल कार्ड. (त्याच स्पर्धेत कुवेतविरुद्ध पुन्हा एक. माणूस सातत्य राखून होता.) आवाजाने कान बधिर. नंतर कळलं की व्हिसा लांबल्यामुळे पाकिस्तानचे खेळाडू सामन्याच्याच दिवशी येऊन पोचले होते. पहिला गोल त्यांच्या गोलरक्षकाने जवळजवळ हातात आणून दिला. आता त्या ४-० ची किंमत किती धरायची?

आणि तरीही सांगतो, त्या गर्दीत शाळकरी पोरं होती, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भारताचा संघ डोळ्यांनी पाहिला. बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराला तुम्ही सांगणार का, की आज राखीव संघ आहे?

काठावरून
पावसातला, शेवटच्या वाक्याला माझे दोन हात वर.

आणि बायकांची स्पर्धा कुणी काढतच नाही. पहिल्या पाचही वेळा, २०१० ते २०१९, भारत जिंकला. आपण त्याला गृहीत धरलं. बांगलादेशने नाही धरलं. कर्णधार साबिनाच्या संघाने २०२२ ला काठमांडूत नेपाळला हरवून करंडक नेला, २०२४ ला पुन्हा तिथेच, पुन्हा नेपाळला हरवून. २०२५ ला म्यानमारला त्यांच्या घरी हरवून पहिल्यांदाच आशिया चषकाची पात्रता. याच 'कमी दर्जाच्या' स्पर्धेतून वर आल्या ना?

मधलीफळी
पण तोच तर माझा मुद्दा! ज्याला वर चढायचंय त्याच्यासाठी सॅफ ही पायरी आहे. आपण तीस वर्षं त्याच पायरीवर उभे राहून फोटो काढतोय. अफगाणिस्तान बघा, २०१३ ला जिंकले, २०१५ ला शेवटची स्पर्धा खेळून मध्य आशियाई संघटनेत गेले. २०२४ ला गुवाहाटीत विश्वचषक पात्रतेत आपल्याला २-१ हरवून गेले.

आपणही २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई चषक खेळलो. प्रशिक्षक म्हणून खालिद जमीलचा पहिलाच दौरा. ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१, इराणकडून ०-३, अफगाणिस्तानशी ०-० आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टीवर. असा एक दौरा मला पाच सॅफ करंडकांपेक्षा मोलाचा वाटतो.

काठावरून
छान. आता पुढचंही सांगा की. सव्वा महिन्याने मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७ चा आशिया चषक हातचा गेला. इराण-ओमानशी खेळून आलेला संघ आपल्याच मैदानावर सिंगापूरपुढे आडवा. मग ते तिसरं स्थान शोकेसमध्येच गेलं ना, सॅफच्या शेजारी?

आणि तिकडेही आपण मलेशियाने माघार घेतली म्हणून गेलो होतो. दुसऱ्याच्या पंगतीत रिकाम्या पानावर बसलो. दरवर्षी पान रिकामं असेलच असं नाही.

मधलीफळी
हे लागलं. मडगावचं उत्तर माझ्याकडे नाही.

आकडेमोड
आशिया चषकाच्या त्या पात्रता गटात पहिल्या पाच सामन्यांत आपले गुण २. एक बांगलादेशशी शिलाँगला ०-०, एक सिंगापूरला १-१. इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी शिलाँगलाच पहिल्यांदा बांगलादेशकडून खेळला. त्यांनी बाहेर वाढलेली पोरं आणली, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नसल्यामुळे तसं सहज करता येत नाही. हा फरक सॅफला कुठलाही संघ पाठवून भरणार नाही.

मधलीफळी
बरं, मग थोडं मागे येतो. बांगलादेशात स्पर्धा असेल तर मुख्य संघ पाठवा. ढाक्यातला हिशेब बाकी आहे. इतर ठिकाणी २३ वर्षांखालचा.

काठावरून
मालदीवमध्ये, मालेत असेल तर?

मधलीफळी
मालेत... मुख्यच.

पावसातला
काठमांडू?