व्हीएचएफ लांब जात नाही म्हणतात, मग हॅमवाल्यांना त्याचं एवढं वेड का?

देवगडचो_हापूस
मंडळी, मे महिन्यात संध्याकाळी देवगडला लाइटहाउसच्या बाजूला गाडी लावून बसलो होतो तर एफएमवर अचानक अरबी गाणी, ती पण खणखणीत. शोधाशोध केली तर कळलं की एफएम आणि हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांचा टू मीटर बँड (लहरीची लांबी दोन मीटर) दोन्ही व्हीएचएफच, म्हणजे 30 ते 300 मेगाहर्ट्झमधले. पण जिथे तिथे लिहिलंय की व्हीएचएफ नजरेच्या टप्प्यापुरता चालतो. शॉर्टवेव्हवर अख्खं जग मिळत असताना लोक मुळात इकडे वळलेच कशाला?

मिऱ्या_सडा
स्वस्त आणि आटोपशीर म्हणून. अमेरिकेत 1920च्या दशकात हौशी लोकांना पाच मीटरचा बँड मिळाला, 56 ते 60 मेगाहर्ट्झ. अँटेना लहरीच्या निम्मी, म्हणजे जेमतेम अडीच मीटर, काठीला बांधा आणि छपरावर उभं राहून हाताने फिरवा, चाळीस मीटर बँडला वीस मीटर तार दोन माडांमध्ये ताणत बसावी लागते तसलं काही नाही. रिसीव्हर सुपररिजनरेटिव्ह (थोडक्या भागांत सिग्नल खूप वाढवणारा), अमेरिकन इंजिनियर आर्मस्ट्राँगने 1922ला काढलेला, एक-दोन व्हॉल्व्हमध्ये (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) काम होतं. खसखसाट भयंकर, आणि तो रिसीव्हर स्वतःच सिग्नल सोडायचा त्यामुळे आसपासच्यांना पण ताप, ट्रान्समीटर तर बोलता बोलता फ्रिक्वेन्सीवरून घसरायचा.

खरी मजा 1934 पासून. रॉस हल म्हणून ऑस्ट्रेलियन माणूस, कनेक्टिकटला असायचा, त्याने दिशा धरणारी अँटेना लावली आणि सुमारे 160 किलोमीटरवरच्या बोस्टनकडच्या लोकांशी बोलायला लागला. दुसरा असता तर कॉलर ताठ करून गप्प बसला असता, हा मात्र हवामानाच्या नोंदी घेऊन सिग्नलशी ताडत बसला आणि खाली गार हवा, वर गरम कोरड्या हवेचा थर असला की लहरी वाकून पुढे जातात हे त्याने दाखवलं. माझ्या मते वेड इथेच आहे, रोज मिळत नाही म्हणून. 1957ला याच प्रकाराने 144 मेगाहर्ट्झवर कॅलिफोर्निया ते हवाई बोलणं झालं, 4000 किलोमीटरच्या वर, सगळा समुद्र.

तुझी अरबी गाणी म्हणजे तेच. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या 200 मेगाहर्ट्झच्या रडारला उन्हाळ्यात थेट अरबस्तानचा किनारा दिसायचा, पावसाळा आला की बंद.

तारकर्लीकर
आमच्या ट्रॉलरार वायरलेस आसा, चॅनल सोळा, ता पण व्हीएचएफच. वैशाखात कधी कधी खंयचे खंयचे लोक बोलतत, भाषा कळणा नाय. पावस लागलो की कायएक गावणा नाय.

कुडाळ_मास्तर
सगळंच हवेच्या थरावर ढकलू नका हो. नोव्हेंबर 1946ला 50 मेगाहर्ट्झवर अमेरिका-इंग्लंड पहिल्यांदा जमलं ते वरच्या आयनोस्फिअरमुळे (खूप उंचावरचा विद्युतभारित थर), तेव्हा सूर्यावर डाग खूप होते. आणि 12 डिसेंबर 1961ला ऑस्कर-1 हा हौशी लोकांचा उपग्रह वर गेला तो 145 मेगाहर्ट्झच्या आसपास मोर्समध्ये (टिंब-रेघांच्या भाषेत) नुसतं ‘हाय’ म्हणत फिरत होता. आपल्या इस्रोने 2005ला हॅमसॅट सोडला, त्याचं पण खाली येणारं सिग्नल 145लाच होतं.

देवगडचो_हापूस
भारीच! मला बोलायचं असेल तर? मोर्स शिकावं लागतं का?

मिऱ्या_सडा
रिस्ट्रिक्टेड ग्रेडला (हॅम लायसनची सुरुवातीची पायरी) मोर्स नाही. परीक्षा द्यायची, लायसन आणि कॉलसाइन (हवेतलं तुझं नाव) मिळेपर्यंत पीटीटीला (सेटवरचं बोलायचं बटण) हात लावायचा नाही, ऑनलाइन स्वस्तातले चायनीज हँडसेट मिळतात म्हणून लगेच बोलायला लागू नकोस. आपल्याकडे टू मीटर म्हणजे 144 ते 146. लहरीच्या पाव लांबीची अँटेना फक्त अर्धा मीटर, जाड तार घेऊन घरी होते. उंचीचा हिशोब सोपा आहे, मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले 4.12 म्हणजे सिग्नलचा टप्पा किलोमीटरमध्ये. घराच्या छपरावर 9 मीटर धर, बारा किलोमीटर. आंबोली 690 मीटर, म्हणजे शंभराच्या वर.

कुडाळ_मास्तर
आंबोलीला जाणार असाल तर पावसाळा सोडून जा, सेटमध्ये पाणी शिरतं.